उन्हाळ्यालाच जमणारी कामं

मार्च संपता संपता रोपवाटिकांमध्ये पिटुनिया, डायंथस, पॅन्सी यांच्या कुंड्या निम्म्या किमतीला मिळू लागतात. फुलं भरगच्च असतात, रंग डोळ्यांत भरतात आणि आपण दोन-चार कुंड्या उचलून घरी आणतो. या कुंड्या स्वस्त असतात, कारण त्यांचे दिवस भरलेले असतात. ही हिवाळी फुलं आहेत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती माना टाकतात आणि मग घरात चर्चा सुरू होते, की आपल्या हाताला काही गुणच नाही.

हाताचा गुण ठीकच असतो, पण काम चुकीच्या महिन्यात निवडलेलं असतं. छंदांचंही तेच. सुट्टी लागली की याद्या होतात: गच्चीवर भाजीपाला लावायचा, जलरंग शिकायचे, गिटार, शिवण, मुलांना घेऊन मातीकाम. मे उजाडेपर्यंत यादीतलं एकही धड पुढे गेलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की उन्हाळा घरी घालवायचा असेल तर जी कामं फक्त उन्हाळ्यालाच जमतात तीच घ्यावीत. कडक ऊन, लांबलचक दुपार, मोगरा, आंब्याच्या कोयी, रसवंतीवरची चिपाडं, वाळलेला पालापाचोळा हे सगळं या दोन-अडीच महिन्यांत अक्षरशः फुकट मिळतं. बाकीच्या गोष्टी श्रावणात किंवा दिवाळीनंतर करता येतात.

आधी वेळ बघून घ्या. मे महिन्यात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर नागपुरात त्याच्या जवळजवळ अर्धा तास आधी. अकोला, चंद्रपूर, नागपूर इथल्या लोकांनी बागेतलं काम आठच्या आत आटपलेलं बरं. पुण्या-नाशिकला नऊपर्यंत तग धरता येतो. कोकणात पारा तेवढा चढत नाही, पण घामाच्या धारा लागतात आणि वाळवणाला दुप्पट वेळ लागतो. दुपारी बारा ते चार हा वेळ घराच्या आत, बसून करायच्या कामांचा. संध्याकाळी पुन्हा बाहेर. घरात ज्येष्ठ मंडळी असतील आणि त्यांना बागेचं वेड असेल, तर दुपारी ‘फक्त एकदा बघून येतो’ म्हणत गच्चीवर जाणाऱ्यांना प्रेमाने अडवा. तापलेल्या स्लॅबवर पाच मिनिटांची पंधरा कधी होतात ते कळत नाही.

पाणी, सावली आणि चिपाडं

उन्हाळ्यात बहुतेक झाडं पाण्याअभावी मरतात हे खरं, पण घरातल्या कुंड्यांमधली पुष्कळशी पाणी चुकीच्या पद्धतीने दिल्यामुळे मरतात. माती एकदा पूर्ण कोरडी झाली की ती आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग झारीतलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, तळाच्या भोकातून वाहून जातं आणि आपल्याला वाटतं कुंडी तृप्त झाली. मधला गोळा तसाच कोरडा. कोकोपीट जास्त असलेल्या मिश्रणात हे हमखास होतं, कारण सुकलेलं कोकोपीट पाणी लवकर धरत नाही. अशी कुंडी बादलीत किंवा टबात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की बाहेर काढा, आणि कडेची फट मातीने दाबून बंद करा.

पाणी द्यायचं की नाही हे ठरवायला बोट पुरतं. दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर थांबा. पाणी पहाटे द्यावं. ते राहून गेलं तर ऊन उतरल्यावर. भर दुपारी जास्वंद किंवा दुधी मान टाकून उभा दिसला तर घाबरू नका. पान जितकं पाणी बाहेर टाकतं तितकं मूळ तेवढ्या वेळात पुरवू शकत नाही, म्हणून झाड पानं खाली झुकवून उन्हाचा मारा कमी करतं. संध्याकाळी ते आपोआप सावरतं. संध्याकाळीही सावरलं नाही तर मात्र माती तपासा.

मुळं तापू न देणं हे पाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि पातळ कुंड्या उन्हात इतक्या तापतात की कडेची मुळं भाजून निघतात. अशा कुंड्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळा. स्लॅबवर थेट न ठेवता दोन विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा. सगळ्या कुंड्या एकत्र, खेटून ठेवा, मोठ्या पश्चिमेच्या बाजूला आणि नाजूक मध्ये. हिरवी जाळी लावायची तर 50 टक्के सावलीची पुरे. 75 टक्क्यांची जाळी लावली की झाडं जगतात, पण लांबट, फिकी आणि बिनफुलांची होतात. जाळी डोक्यावर ताणून बांधण्यापेक्षा पश्चिमेच्या अंगाला उभी लावली तर सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारचं टळतं.

आता चिपाडं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि शेतकऱ्यांना पालापाचोळा व सूर्यप्रकाश यांचा हिशेब मांडायला शिकवलं. तोच विचार मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर आणला. उसाची चिपाडं आणि काडीकचरा यांच्यावर मातीचा जेमतेम थर घालून त्यांनी भाज्या आणि फळझाडं वाढवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी फुलवलेली बागही याच वाटेची. शहरातल्या माणसाला यातलं सगळ्यात उपयोगी सूत्र म्हणजे वजनदार मातीचा हट्ट सोडणं. उन्हाळ्यात प्रत्येक रसवंतीच्या मागे चिपाडांचा ढीग पडलेला असतो आणि मालक ती आनंदाने देतो. घरी आणून ती एक रात्र पाण्यात भिजवा, ते पाणी ओतून टाका (गोडव्याने मुंग्या येतात), दोन दिवस उन्हात वाळवा आणि बोटभर तुकडे करा. यातली निम्मी कुंडीच्या तळाशी भरायला ठेवा, निम्मी मातीवर आच्छादन म्हणून पसरा. आच्छादनाचा थर दोन-तीन इंच हवा, आणि खोडापासून चार बोटं दूर. वाळका पाला असेल तर उत्तमच. फेब्रुवारीपासून रस्त्यावर पानांचे ढीग जाळले जातात. त्यातली दोन पोती वेळेत उचलून आणली तर धूरही कमी आणि बागेची सोयही. आच्छादन घातलेल्या कुंडीला पाणी निम्म्यावर येतं, हे तुम्हीच दोन कुंड्या शेजारी ठेवून पाहा.

मोठ्या पिंपात भाजी असेल तर मडकं पुरा. बिनरंगाचं, न पॉलिश केलेलं लहान मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाण्याने भरायचं, वर पणती झाकायची. भोवतालची माती जशी सुकते तसं पाणी मडक्याच्या अंगातून झिरपत राहतं. रंगवलेलं मडकं चालत नाही, कारण त्याची छिद्रं बुजलेली असतात.

घरात वाया जाणारं पाणी वापरा. तांदूळ-डाळी-भाज्या धुतलेलं पाणी सरळ कुंडीत जाऊ द्या. एसीचं पाणी चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र जपून द्या, त्यात क्षार जास्त असतात. मातीवर पांढरी साय दिसू लागली की ते बंद करून साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढा. साबणाचं पाणी पालेभाज्यांना नको.

खत? या दिवसांत दाणेदार रासायनिक खत देऊ नका. कमी ओलाव्यात ते मुळांना पोळतं. हवं तर अमृतजल करा: 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ, 10 लिटर पाणी, दिवसातून दोन-तीनदा ढवळत तीन दिवस झाकून ठेवायचं आणि मग दहापट पाण्यात मिसळून द्यायचं. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर हा प्रयोग गच्चीवरच करा.

काय लावावं

कोथिंबिरीचा नाद सोडा. उन्हाळ्यात ती उगवतेच कमी, आणि उगवली तरी चार पानांवर फुलोऱ्याला येते. भेंडी, गवार, चवळी, तांदुळजा, अंबाडी, मायाळू ही उन्हाची लेकरं आहेत. भेंडीचं बी रात्रभर भिजवून लावलं तर साधारण 45 ते 50 दिवसांत पहिली भेंडी हाती येते. एका मोठ्या कुंडीत दोनच रोपं ठेवा; चार माणसांच्या घराला भाजी व्हायची तर किमान दहा-बारा रोपं लागतात, हे आधीच लक्षात असू द्या. जागा थोडी असेल तर मायाळूचा एकच वेल लावा. ग्रिलवर चढतो, उन्हाला जुमानत नाही आणि भजी करायला पानं कायम हाताशी.

अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलींचं बी टोचायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि तिच्यात शहाणपण आहे. त्या सुमारास लावलेले दोडके, पडवळ, कारली, भोपळे पावसाच्या आधी मुळं धरतात आणि पहिल्या सरींबरोबर झपाट्याने धावत सुटतात. गच्चीवर आळं म्हणजे निदान दीड फूट रुंद आणि तेवढंच खोल पिंप. तळाला चिपाडं, मध्ये पाला आणि शेणखत, वर वीतभर माती, ओंजळभर निंबोळी पेंड.

वेल फुलतो, पण फळ धरत नाही ही शहरी गच्चीची कायमची तक्रार, कारण मधमाश्या चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत फारशा फिरकत नाहीत. अशा वेळी परागीकरण हाताने करा. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं. नर फुलाला नुसता देठ. नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायचा. लाल भोपळा आणि काकडी यांची फुलं सकाळी उमलतात, दुधीची पांढरी आणि दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी. वेळ चुकली तर काम वाया. लहान मुलांना हे काम विलक्षण आवडतं. मुलांच्या हाती कापसाची काडी द्या आणि तुम्ही बाजूला व्हा.

मोगरा

मोगऱ्याची एक कुंडी असली तरी उन्हाळ्याला घरात जागा मिळते. तक्रारी दोनच ऐकू येतात: पानं खूप, कळी नाही, किंवा एकदा बहर आला आणि मग काहीच नाही. पहिल्याचं कारण बहुधा सावली. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतंच. तो जाळीखाली ठेवायचं झाड नाही. दुसऱ्याचं कारण कात्री न लावणं. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते, म्हणून बहर ओसरला की प्रत्येक फांदीची दोन-तीन पेरं छाटा. छाटलं नाही तर फुटवा नाही, फुटवा नाही तर कळी नाही. छाटणीनंतर मूठभर गांडूळखत, एक चमचा निंबोळी पेंड, भरपूर पाणी. महिन्या-सव्वा महिन्यात दुसरा बहर येतो.

कळ्या काढायच्या त्या संध्याकाळी, पांढऱ्या टपोऱ्या झालेल्या पण न उमललेल्या. ओल्या मलमलीत ठेवल्या तर रात्री घर घमघमतं. आणि इथे बाग आणि हस्तकला यांची गाठ पडते: गजरा. बाजारात गजरे मिळतात म्हणून घरी कोणी शिकत नाही. शिकायला एक संध्याकाळ पुरते. जाड सुती दोरा घ्या किंवा, मिळाला तर, केळीच्या सोपाचा धागा ओला करून. दोन कळ्या डावीकडे तोंड करून धरा, दोन उजवीकडे, देठांवर देठ. त्या चौघींच्या देठांभोवती दोऱ्याचा फास टाका आणि ओढा. पुढच्या चार कळ्या पहिल्यांना खेटून. फास सैल राहिला तर कळ्या गळतात, फार ओढला तर देठ कापतो. हा ताण सांगून समजत नाही, पहिला गजरा तुटेपर्यंत हात चालवावा लागतो. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांनाही शिकवा, मुलगा-मुलगी असा भेद न करता. दोऱ्याला गाठ मारायची अक्कल दोघांनाही पुढे उपयोगी पडते.

उन्हाला कामाला लावा

मागच्या वर्षीची माती फेकून देऊ नका. रिकाम्या कुंड्या उपड्या करा, गाठी फोडा, मुळं-काड्या निवडा. माती किंचित ओली करून गच्चीवर वीतभरापेक्षा कमी जाडीचा थर पसरा आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा विटांनी दाबा. काळं प्लास्टिक नको. पारदर्शकातून ऊन आत शिरतं आणि उष्णता अडकते. चार ते सहा आठवड्यांत बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचं बी बऱ्यापैकी मरतं. यात चांगले जिवाणूही कमी होतात, म्हणून जूनमध्ये ही माती वापरताना कंपोस्ट मिसळायला विसरू नका.

याच उन्हात वाळवणं होतात. पहिल्याच वर्षी कुरडईच्या वाटेला जाऊ नका. गहू तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, तो आटवायचा, हे एकट्याचं काम नाही; पूर्वी ते चार घरच्या बायका मिळून करत. साबुदाण्याच्या पापड्या किंवा आंबापोळी घ्या. ताटाला तुपाचं बोट, त्यावर आमरसाचा पातळ थर, वर मलमल. कडक उन्हात दोन-तीन दिवसांत पोळी सुटते. मुंबईत आणि कोकणपट्टीत हवा दमट असते, तिथे थर आणखी पातळ हवा.

कोयींना मात्र ऊन दाखवू नका. आंबा, फणस आणि जांभूळ यांचं बी वाळलं की त्याची उगवण्याची ताकद झपाट्याने जाते. खाऊन झाली की कोय धुवा, कवच कडेने कापून आतली गर असलेली बी काढा आणि आठवड्याभरात दुधाच्या रिकाम्या पिशवीत लावा. पिशवीला खाली तीन-चार भोकं, आत माती आणि कंपोस्ट निम्मं निम्मं. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन रोपंही उगवतात. हापूसच्या कोयीतून मात्र हापूसच येईल अशी आशा धरू नका. कोकणात म्हणूनच या कोवळ्या रोपांवर पावसाळ्यात हव्या त्या जातीची काडी बांधून कोय कलम करतात. तुमच्या पिशवीतलं रोप सावलीसाठी, गावच्या बांधावर लावायला किंवा कलम शिकायला उपयोगी. बहाव्याच्या शेंगा सापडल्या तर त्यातल्या बियांचं कवच फार टणक असतं. एका बाजूने सँडपेपरवर घासून रात्रभर भिजवा, नाहीतर त्या तशाच पडून राहतील.

भोपळा, वाल, घेवडा, चवळी यांचं बी धरायची वेळही हीच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जपणुकीसाठी 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. त्या ज्या पद्धती वापरतात त्या आपल्या आज्यांच्याच. शेंग झाडावर पूर्ण वाळू द्यायची, सगळ्यात चांगल्या वेलावरची पहिली-दुसरी शेंग भाजीला न तोडता बियाला राखायची, बी सावलीत वाळवून राखेत घोळवून ठेवायचं. बरणीवर नाव आणि महिना लिहा. आठवणीवर विसंबू नका.

दुपार

लांब दुपारीला गोधडीसारखं दुसरं काम नाही. वाकळ म्हणा, लेपटं म्हणा, काम तेच. पहिल्यांदाच करणार असाल तर मोठ्या माणसाची गोधडी हातात घेऊ नका. साधारण मीटरभर लांब-रुंद बाळाचं दुपटं करा. कोणाच्या ना कोणाच्या घरी बाळ येतच असतं. कापड फक्त सुती. आईच्या, आजीच्या मऊ झालेल्या साड्या, धोतरं, जुन्या चादरी. एखादी जरी सिंथेटिक साडी थरात घुसली की थर घसरतात, शिवण गोळा होते आणि ऊबही धड लागत नाही.

कापडं धुऊन, कडक वाळवून, इस्त्री करून घ्या. फरशी पुसून अस्तर उलटं अंथरा, त्यावर आतले दोन-तीन थर, वर तुकडे जोडून केलेलं किंवा अखंड कापड. चारही कोपऱ्यांवर डबे ठेवा. मग मधून कडेकडे हाताने सुरकुत्या सारत मोठे कच्चे टाके घाला. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि लोक तो टाळतात. पुढची सगळी वाकडी गोधडी इथेच जन्माला येते. कच्चे टाके पक्के बसले की कडेपासून धावदोरा सुरू करा आणि आत आत जा. दोन ओळींत बोटभर अंतर. टाके अगदी मोजूनमापून सारखे नसले तरी चालतं, पण ओळ सरळ हवी. बोटात अंगुस्तान घाला, दोरा हातभरच घ्या, लांब दोरा गुंततो. रोजच्या तासाभराच्या बैठकीने दुपटं मे संपायच्या आत होतं. रेडिओ चालू ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

शिवण नको असेल तर रंगवा. कांद्याच्या आणि डाळिंबाच्या साली महिनाभर साठवल्या की सुती रुमाल किंवा उशीचे अभ्रे सुरेख रंगतात. फक्त साली उकळून कापड बुडवलं तर रंग दोन धुण्यांत जातो, कारण सुताला रंग सहज धरता येत नाही. आधी कापड सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन खळ काढा. मग 100 ग्रॅम कापडाला 15 ते 20 ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात रात्रभर भिजवा, पिळा आणि न धुता सावलीत वाळवा. त्यानंतर 15 ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात काही तास. हिरड्यातला तुरटपणा तुरटीला धरतो आणि तुरटी रंगाला. आता 100 ग्रॅम कांद्याच्या साली तासभर उकळून गाळा आणि त्या पाण्यात कापड मंद आचेवर पाऊण तास ठेवा. सोनेरी-तपकिरी छटा येते. डाळिंबाच्या साली पिवळट रंग देतात, आणि त्याच कापडावर गंजलेल्या खिळ्यांचं पाणी पडलं की रंग करडा-काळपट होतो. पातेलं स्टीलचं आणि स्वयंपाकाचं नसलेलं वापरा.

मुलं असतील तर हळदीपासून सुरुवात करा. हळद कापडाला लगेच चढते, उन्हात लगेच उडते, म्हणून खऱ्या रंगकामाला ती कुचकामी. पण पिवळ्या कापडावर ब्रशने सोड्याचं पाणी फिरवलं की लाल रेघा उमटतात आणि लिंबू पिळलं की त्या परत पिवळ्या होतात. अर्धा दिवस निघतो.

चित्रं काढणाऱ्यांना एक सूचना. मे महिन्यात जलरंग कागदावर टेकताच वाळतो आणि नवशिका वैतागतो. सकाळी रंगवा, कागद आधी ओला करून घ्या, किंवा सरळ पेन्सिल धरा. विषय शोधत बसू नका. एक झाड किंवा एक कुंडी निवडा आणि तीच पुन्हा पुन्हा काढा. मे फ्लॉवरचा कंद असेल तर फारच चांगलं: हिवाळाभर मातीत झोपलेला तो कंद याच दिवसांत लाल फुलांचा चेंडू वर काढतो आणि थोड्याच दिवसांत मावळतो, रोज एक रेखाटन केलं तर पूर्ण गोष्ट कागदावर येते. लिहायला आवडत असेल तर रस्त्यावरच्या एखाद्या झाडाची आठवड्याला एकदा नोंद ठेवा: पालवी, कळी, फूल, फळ. ‘सीझनवॉच’ नावाच्या देशभरातल्या उपक्रमात नागरिक अशाच नोंदी पाठवतात, त्यात तुमचीही भर पडेल. वाचायला डॉ. शरदिनी डहाणूकर यांची ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’ ही पुस्तकं जवळ ठेवा; औषधशास्त्राचा अभ्यास असलेल्या बाईंनी झाडांविषयी इतक्या ओढीने लिहावं याचं मला आजही नवल वाटतं.

गावाला जाताना आणि मृगाच्या आधी

आठ-दहा दिवस गावी जायचं असेल तर शेजाऱ्यांवर सगळा भार टाकू नका. कुंड्या सावलीत, एका मोठ्या बादलीभोवती गोळा करा. बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंचावर ठेवा. सुती साडीची जाड पट्टी पिळून वात करा, पूर्ण भिजवा, एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोल. निघायच्या आधी निदान दोन दिवस हे चालवून पाहा, म्हणजे बादली किती वेळात रिकामी होते ते कळतं आणि तितक्या बादल्या लावता येतात. बादली झाकायला विसरू नका, नाहीतर परत येईपर्यंत डासांची शाळा भरलेली असेल. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पसरट भांड्याचंही तसंच. त्यातलं पाणी रोज बदलायचं असतं, म्हणून ते मात्र शेजाऱ्यांना सांगून जा. दयाळ आणि बुलबुल त्यांनाही ओळखू लागतील.

रोहिणी नक्षत्र लागलं, म्हणजे साधारण 25 मेपासून, कामांची दिशा बदला. 7-8 जूनच्या मृगापर्यंत कुंड्यांची तळाची भोकं काडीने मोकळी करा, गच्चीची पन्हळ आणि जाळी साफ करा, कारण आच्छादनाचा पाला पहिल्या पावसात वाहून तिथेच अडकतो. उन्हात तापवलेल्या मातीत कंपोस्ट मिसळून ठेवा. दुधाच्या पिशव्यांतली रोपं भिंतीच्या आडोशाला घ्या. वाळवणं हवाबंद डब्यांत भरा. हिरवी जाळी पहिल्या वादळाच्या आधी उतरवा. वळवाच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि बांबूंसकट खाली येते. धुऊन, वाळवून, घडी न करता गुंडाळून ठेवली तर पुढचे दोन-तीन उन्हाळे सहज चालते.